अंध विद्यार्थ्याचे पुस्तक आणि छापखान्यातील फाइल

जून महिना अर्धा सरला आणि शाळेची पहिली घंटा झाली, की घरोघर एक ठराविक सोहळा सुरू होतो. नवी पुस्तके येतात, त्यांस खाकी कागदाची वेष्टणे चढतात, आतल्या पानावर वळणदार अक्षरात नाव व इयत्ता लिहिली जाते, आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी मूल भाषेच्या पुस्तकातील निदान दोन गोष्टी तरी वाचून संपविते. ज्या मुलास दृष्टी नाही त्याच्या घरी हा सोहळा पुष्कळदा होत नाही. तेही त्याच इयत्तेत बसते व त्याच परीक्षेस जाते. परंतु त्याचे ब्रेल लिपीतील पुस्तक कित्येकदा शाळा सुरू होऊन महिने लोटल्यावर हाती येते. तोवर शेजारच्या बाकावरील मित्राने वाचून दाखवावे, आईने स्वयंपाक आटोपून दोन पाने वाचावीत, आणि मुलाने ती कानांनी टिपून घ्यावीत, हाच काय तो अभ्यास.

या उशिराचे कारण विचारले तर सामान्यतः उत्तर येते, की ब्रेल पुस्तक तयार करणे फार कष्टाचे काम आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आज कोणतेही पाठ्यपुस्तक शिशाचे खिळे जुळवून छापले जात नाही. लेखकाच्या हस्तलिखितापासून अखेरच्या मुद्रितापर्यंत पुस्तकाचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना व वेलांटी संगणकात नोंदलेली असते. छपाईपूर्वी ती अनेक जाणत्या डोळ्यांनी तपासलेली असते. असे असता तेच पुस्तक ब्रेलमध्ये आणावयाचे म्हटले, की कोणीतरी छापील प्रत समोर घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा टंकलिखित करू लागतो. जे धान्य एकदा निवडून, पाखडून कोठीत ठेवले आहे तेच पुन्हा शेतातून गोळा करावे, असा हा प्रकार आहे. कोठीची किल्ली योग्य हाती दिली तर काय होईल, आणि ती देण्यात अडचण कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम ब्रेल लिपीची ओळख करून घेणे अवश्य आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधील कूव्रे या खेड्यातील एका खोगिरे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १८०९ सालचा. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात खेळताना टोकदार हत्यार लागून त्याचा डोळा गेला आणि पुढे दुसऱ्यासही अंधत्व आले. शार्ल बार्बिए या लष्करी गृहस्थाने अंधारात बोटांनी वाचता येईल अशी बारा टिंबांची लिपी काढली होती. तिच्यावरून सूचना घेऊन लुईने १८२४ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची सुटसुटीत लिपी सिद्ध केली व १८२९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबांच्या जागा. डावीकडील एक, दोन, तीन व उजवीकडील चार, पाच, सहा. यांतील कोणती टिंबे उठवावयाची यावरून एकंदर त्रेसष्ट निरनिराळी चिन्हे होतात. संपूर्ण घर बोटाच्या एका पेराखाली मावते, हे या लिपीच्या यशाचे खरे मर्म आहे.

भारतात प्रारंभी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, सर्व भारतीय भाषांकरिता ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धती ठरविण्यात आली. तिची योजना उच्चारानुसारी आहे. ‘क’ म्हणजे एक व तीन ही टिंबे. हेच चिन्ह इंग्रजीतील ‘के’ या अक्षराचे. ‘इ’ म्हणजे दोन व चार. ‘कि’ लिहावयाचा असेल तर आधी ‘क’ आणि त्याच्या नंतर ‘इ’ असे दोन घरे लिहावयाचे. जोडाक्षर असेल तर चौथे टिंब हे पाय मोडल्याची खूण म्हणून आधी येते. ‘क्त’ म्हणजे चौथे टिंब, मग ‘क’, मग ‘त’. वर, खाली, मागे, पुढे चिकटणाऱ्या मात्रा, रफार, उकार असा काही पसारा येथे नाही. ज्या क्रमाने जीभ उच्चार करते, त्याच क्रमाने चिन्हे एकामागून एक येतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे प्रयोजन आहे.

ब्रेल पुस्तक तयार करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे पाटी व टोचणी. जाड कागद पाटीत अडकवून एकेक टिंब उलट्या बाजूने टोचून उठवावयाचे. पुढे किल्ल्या दाबून टिंबे उठविणारी यंत्रे आली, आणि जस्ताच्या पत्र्यावर मजकूर उठवून त्यावरून अनेक प्रती दाबून काढणारी मुद्रणालयेही आली. आपल्या देशात देहरादून येथे असे सरकारी ब्रेल मुद्रणालय १९५१ साली सुरू झाले. आज हे काम संगणकाने फारच सुलभ केले आहे. साधा मराठी मजकूर संगणकात योग्य रीतीने नोंदलेला असेल, तर तो भारती ब्रेलमध्ये रूपांतरित करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. लुई ब्रेलच्या नावावरून ‘लिबलुई’ हे नाव मिळालेली एक आज्ञावली तर कोणासही विनामूल्य वापरता येते. रूपांतर झाले, की संगणकाला जोडलेले छापयंत्र, ज्यास एम्बॉसर म्हणतात, जाड कागदावर दोन्ही बाजूंनी टिंबे उठवीत जाते.

मग वेळ जातो कोठे? तो जातो मजकूर संगणकात आणण्यात व त्यातील चुका काढण्यात. टंकलेखन करणारा माणूस चुकतो, म्हणून दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून पाहावे लागते. छापील पान स्कॅन करून संगणकाकडून अक्षरे ओळखून घेण्याचीही सोय आहे, परंतु यंत्राचा डोळा जोडाक्षरांत व ह्रस्व-दीर्घांत चकतो. ‘घ’चा ‘ध’ झाला किंवा अनुस्वार गळाला, तर डोळस वाचक संदर्भाने सावरून घेतो. पण प्रथमच भाषा शिकणारे अंध मूल ती चूकच खरी म्हणून शिकते. म्हणून अशी पाने ओळ न ओळ तपासावी लागतात. आणि हे सर्व श्रम ज्या मजकुरावर होतात, तो शुद्ध व तपासलेला मजकूर छापखान्याच्या संगणकात निजून असतो!

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात कोणासही मिळतात. मग अडले कोठे? येथे फाइल आणि फाइल यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पीडीएफ ही प्रामुख्याने पानाची प्रतिमा जपण्यासाठी निर्माण झालेली वस्तू आहे. कागदावर पान कसे दिसेल हे ती बिनचूक सांगते. पण कोणता मजकूर कोणाच्या मागून वाचावा, मथळा कोणता, चौकटीतील टीप कोणती, हे ती सांगेलच असा नेम नाही. दोन स्तंभांचे पान असले, तर पहिल्या स्तंभाची एक ओळ व दुसऱ्याची एक ओळ अशी सरमिसळ होऊन बाहेर पडण्याचा संभव असतो.

मराठीची आणखी एक स्वतंत्र अडचण आहे. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक फॉन्ट तयार करणाऱ्याने आपापला संकेत ठरविला. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले गेले. त्या विशिष्ट फॉन्टमध्ये पाहिले तर मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट काढून घेतला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उरते. इतकेच नव्हे, तर त्या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने न राहता दिसण्याच्या क्रमाने राहतात. ‘किरण’ या शब्दात डोळ्यांस प्रथम वेलांटी दिसते, म्हणून तेथे प्रथम वेलांटी नोंदली जाते व नंतर ‘क’ येतो. ‘वर्ग’ या शब्दातील रफार ‘ग’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो ‘ग’च्या नंतर नोंदला जातो. छपाईपुरते हे चालून जाते. ब्रेलचा क्रम मात्र उच्चाराचा. त्यामुळे अशी फाइल ब्रेलच्या आज्ञावलीस दिली, तर ती बापडी काय करणार? प्रकाशकाने मोठ्या मनाने फाइल दिली, आणि घेणाऱ्याच्या हाती भुसाच आला, असे होते.

यावर उपाय ‘युनिकोड’ हा होय. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षरास एकच कायमचा क्रमांक देणारी ही पद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली व तिच्यात देवनागरीचा समावेश प्रारंभापासून आहे. तिच्यात ‘किरण’ हा शब्द ‘क’, मग वेलांटी, मग ‘र’, मग ‘ण’ असाच नोंदला जातो. ‘वर्ग’ मधील ‘र’ हा ‘ग’च्या आधी येतो. म्हणजे भारती ब्रेलचा क्रम आणि युनिकोडचा क्रम बहुतांशी एकच आहे. फाइल युनिकोडमध्ये असली, तर महिन्यांचे काम दिवसांवर येते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, परंतु त्यानंतरही तपासणी चुकत नाही. म्हणून मुळातच युनिकोडमध्ये जुळणी करणे हा शहाणपणाचा मार्ग.

शुद्ध अक्षरे मिळाली तरी पुस्तक पुरे होत नाही. गुरुजी वर्गात म्हणतात, ‘बेचाळिसावे पान उघडा.’ छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात व एका पुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात. तेव्हा छापील बेचाळिसावे पान कोठे सुरू झाले याची खूण ब्रेल प्रतीत नसेल, तर अंध विद्यार्थी शोधीतच राहील आणि वर्ग पुढे जाईल. मथळा, उपमथळा, कविता, तक्ता, टीप, स्वाध्याय यांची ओळख फाइलमध्येच नोंदलेली असावी लागते. गणिताची व्यवस्था तर निराळीच. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने रचलेली गणिताची ब्रेल पद्धती १९५२ साली प्रसिद्ध झाली. परंतु मूळ फाइलमध्ये अपूर्णांक हा केवळ चित्र म्हणून चिकटविला असेल, तर अंश कोणता व छेद कोणता हे यंत्रास कळणार नाही.

हा प्रश्न अमेरिकेने कसा सोडविला हे पाहणे उद्बोधक आहे. त्या देशात केंटकी संस्थानातील लुइव्हिल शहरी अंधांसाठी एक मुद्रणालय १८५८ साली स्थापन झाले, व १८७९ च्या कायद्याने त्यास मध्यवर्ती सरकारचे वार्षिक साहाय्य मिळू लागले. तथापि पुस्तक उशिरा मिळण्याची तक्रार तेथेही होती. टेक्सस संस्थानाने १९९१ साली कायदा करून शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांकडे संगणकीय फाइलींची मागणी केली. इतर संस्थानांनीही तसे नियम केले. पण प्रत्येकाने मागितलेला फाइलचा साचा निराळा. एकाच पुस्तकाच्या अनेक तऱ्हेच्या फाइली करता करता प्रकाशक कंटाळले, आणि मिळालेल्या फाइली जुळविता जुळविता ब्रेलकारही.

अखेर अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या २००४ च्या कायद्याने संपूर्ण राष्ट्रासाठी एकच साचा ठरविण्याची आज्ञा केली, व २००६ साली तो साचा प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘निमास’ म्हणतात. त्याच वर्षी लुइव्हिलच्या त्या मुद्रणालयात ‘निमॅक’ हे मध्यवर्ती भांडार उघडले. व्यवस्था अशी, की संस्थान किंवा शालेय मंडळ पुस्तक विकत घेताना करारातच अट घालते: प्रकाशकाने ठरलेल्या साच्यातील फाइल भांडाराकडे पाठवावी. प्रकाशक ती एकदाच व एकाच ठिकाणी देतो. तेथे ती तपासून ठेवली जाते, आणि अधिकृत ठरलेल्या व्यक्ती व संस्था ती उतरवून घेऊन ब्रेल, मोठ्या टाइपाचे पुस्तक किंवा ध्वनिपुस्तक तयार करतात. ही फाइल म्हणजे तयार पुस्तक नव्हे. ते दळलेले पीठ आहे, भाकरी ज्याची त्याने भाजून घ्यावयाची. चित्रांची वर्णने आणि नकाशांच्या उठावदार आकृत्या यांचे काम ब्रेलकारास बरेचसे स्वतःच करावे लागते. तरीही पुनः पुन्हा टंकलेखन करण्याचे निष्फळ श्रम वाचतात, आणि वाचलेला वेळ या आकृत्यांकडे देता येतो.

आता आपल्याकडील कायद्याची स्थिती. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी सुधारणा झाली. अपंग व्यक्तीस वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणण्यास तेव्हापासून प्रकाशकाची परवानगी लागत नाही. संस्थेने हे काम करावयाचे, तर ते नफ्यासाठी नसावे, केवळ उत्पादनखर्च घ्यावा, आणि प्रती अपंग व्यक्तींच्याच उपयोगास जातील अशी दक्षता घ्यावी, एवढ्या अटी आहेत. पुढे जून २०१३ मध्ये मोरोक्को देशातील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय तह झाला. त्यास सर्वप्रथम मान्यता देणारे राष्ट्र भारत होते. ती मान्यता जून २०१४ ची. वीस राष्ट्रे मिळाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो तह अमलात आला, आणि एका देशात तयार झालेली अशी प्रत दुसऱ्या देशातील अंध वाचकास पाठविण्याची वाट मोकळी झाली. परदेशी शिकणाऱ्या किंवा स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील अंध मुलासही या वाटेने मराठी पुस्तक मिळू शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

याच २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू केले. निरनिराळ्या संस्थांनी तयार केलेली सुलभ पुस्तके त्यात एकत्र येतात, यासाठी की एका संस्थेने केलेले काम दुसरीने पुन्हा करू नये. त्याच वर्षीच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांस अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व अन्य साधने विनामूल्य पुरविण्याचे कर्तव्यही सरकारवर टाकले आहे.

इतके असूनही एक फट उरते, आणि सर्व पाणी त्या फटीतूनच गळते. कॉपीराइट कायदा ब्रेल करण्याची मोकळीक देतो; प्रकाशकाने आपली फाइल दिलीच पाहिजे, असे ही मोकळीक म्हणत नाही. म्हणजे विहिरीचे पाणी घेण्यास मनाई नाही, पण पोहऱ्याला दोर कोणी देत नाही. अमेरिकेने हा दोर खरेदीच्या करारात बांधला. आपल्याकडे तर हे काम अधिक सोपे असावयास पाहिजे. राज्याच्या अभ्यासक्रमाची बहुतेक शालेय पुस्तके पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाचीच, म्हणजे सार्वजनिक मालकीची आहेत. अक्षरजुळणीचे काम सोपविताना ‘मजकूर युनिकोडमध्ये, मथळे व पृष्ठांक यांच्या खुणांसह द्यावा आणि पुस्तक छपाईस जाईल त्याच दिवशी फाइल ब्रेलकारांकडे जावी’ एवढे एक कलम असले, तर जूनचे पुस्तक जूनमध्ये मिळण्यास फारसे काही आड येऊ नये.

खासगी प्रकाशकांस भय वाटते ते फाइल बाहेर फुटण्याचे. हे भय अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. ज्याच्या पोटावर पाय येण्याचा संभव, तो सावध राहणारच. परंतु फाइल बाजारात टाका असे कोणीही म्हणत नाही. ती एका जबाबदार भांडारात राहावी, ओळख पटलेल्या संस्थांनाच मिळावी, आणि कोणी केव्हा घेतली याची नोंद राहावी, एवढेच मागणे आहे. शिवाय ज्यास चोरून छापावयाचे आहे त्यास बाजारातील छापील प्रत पुरते. फाइल अडवून ठेवल्याने चोर अडतोच असे नाही. अंध विद्यार्थी मात्र हमखास अडतो.

दुसरा आक्षेप असा, की आता बोलणारे संगणक व ध्वनिपुस्तके आली असता ब्रेल हवेच कशाला? कथा-कादंबरीस कान पुरेसे असतील. पण ‘दिन’ व ‘दीन’ यांतील फरक कानांस पुरता कळत नाही, तो बोटांस कळतो. शुद्धलेखन, व्याकरण, बीजगणितातील समीकरण, कवितेच्या ओळींची मांडणी ही ऐकून नव्हे, वाचूनच वळणी पडतात. ज्या मुलाने कधी वाचले नाही, केवळ ऐकले, त्यास साक्षर म्हणावयाचे काय, हा प्रश्न अंधांच्या शिक्षकांना नेहमीच सतावतो. आणि एकदा नीट फाइल मिळाली, की तिच्यावरून ब्रेलही होते आणि ध्वनिपुस्तकही. दोहोंत निवड करण्याचे कारणच उरत नाही.

२०११ च्या जनगणनेत दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्यांची संख्या देशात ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. हा आकडा मोठा असला तरी प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक गावी, असे मूल बहुधा एकटेच असते; आणि एकट्याची मागणी कोणाच्या कानी सहज पडत नाही. म्हणून ती इतरांनी करावी लागते. ज्यांच्या घरी शालेय मार्गदर्शिका लिहिणारे लेखक आहेत, ज्यांचे छापखाने आहेत, जे शाळांच्या मंडळांवर आहेत, अशांनी आपले पुढचे पुस्तक कोणत्या फॉन्टमध्ये जुळविले जाते आणि त्याची फाइल छपाईनंतर कोठे जाते, एवढे दोन प्रश्न जरी विचारले, तरी कामाचा आरंभ होईल. ज्यांस वेळ आहे व शुद्धलेखनाची आवड आहे, त्यांस ब्रेल करणाऱ्या संस्थांत मुद्रिते तपासण्याचे काम केव्हाही मिळू शकते.

खाकी वेष्टण घातलेल्या नव्या पुस्तकाच्या शेजारी, त्याच दिवशी, जाड कागदाचे ते टिंबांचे खंडही येऊन पडले पाहिजेत. त्या रात्री अंध मुलानेही, दिवा मालविल्यावर अंथरुणात, बोटांनी निदान दोन गोष्टी चोरून वाचाव्यात. दिवा नसल्याने त्याचे काहीच अडणार नाही. अडले असेल तर ते पुस्तक आले नाही म्हणूनच.